टॉमकॅट ९ : वॉर फाइल आपोआप डिप्लॉय होताना येणारा ४०४, दुहेरी एसएमएस आणि नाहीसे होणारे फोटो

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार.

रत्नागिरी परिसरातील आंबा बागायतदारांच्या एका संस्थेसाठी आम्ही पेट्यांची नोंदणी आणि रवानगी सांभाळणारे वेब अ‍ॅप चालवतो. बागायतदार आपल्या मालाचा तपशील आणि फोटो चढवतात, ग्राहक आगाऊ मागणी नोंदवतात आणि पेटी वाशीच्या किंवा पुण्याच्या गाडीत भरली गेली, की ग्राहकाला एसएमएस जातो. अ‍ॅप स्प्रिंग या जावा चौकटीत लिहिलेले आहे. डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली, जावा ११ आणि डेबियनच्याच पॅकेजमधून बसवलेला, जावा वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर टॉमकॅट ९ अशी मांडणी आहे. सर्व्हर मुंबईत भाड्याने घेतलेला असून, नवी आवृत्ती तयार झाली की तिची वॉर फाइल (संपूर्ण अ‍ॅप बांधलेली झिप), पेटी.वॉर, आमच्या कार्यालयातून एससीपी या फाइल पाठवणाऱ्या आज्ञेने थेट टॉमकॅटच्या वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये टाकली जाते. पुढचे काम, म्हणजे ती उलगडून अ‍ॅप चालू करणे (डिप्लॉय), टॉमकॅटने स्वतः करावे (ऑटोडिप्लॉय) अशी अपेक्षा असते.

अडचणी तीन आहेत. फाइल पाठवत असताना कधीकधी संपूर्ण संकेतस्थळ ४०४ (पान सापडत नाही) दाखवू लागते आणि लॉगमध्ये झिप फाइल उघडता न आल्याचा अपवाद, म्हणजे त्रुटी, दिसतो. फाइल पूर्ण पोहोचली तर बहुतेक वेळा ते आपोआप सावरते, परंतु मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली तर फाइल पुन्हा पाठवेपर्यंत अ‍ॅप बंदच राहते. आश्चर्य म्हणजे जोडणी चांगली असलेल्या दिवशी हा प्रकार मुळीच होत नाही. दुसरी अडचण अशी, की ग्राहकांना एकच एसएमएस दोनदा जातो. हे संदेश अ‍ॅपमधील शेड्युलर ठरावीक अंतराने पाठवतो. तिसरी आणि सर्वांत त्रासदायक अडचण म्हणजे प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर बागायतदारांनी चढवलेले फोटो नाहीसे होतात आणि प्रत्येक वेळी ते आम्हाला बॅकअपमधून परत आणावे लागतात.

मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मागण्या अखंड चालू असतात, त्यामुळे हंगामात अ‍ॅप फार वेळ बंद ठेवता येत नाही. अशा परिस्थितीत ऑटोडिप्लॉय बंदच करावे, की ते चालू ठेवून काही निराळी पद्धत अवलंबावी, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बावनदी

आपल्या तीन अडचणींची कारणे तीन वेगवेगळी आहेत, तेव्हा प्रथम ४०४ विषयी लिहितो.

टॉमकॅटमध्ये एक पार्श्वभूमी थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) ठरावीक अंतराने फिरत असतो. मांडणीच्या सर्व्हर.एक्सएमएल फाइलमधील इंजिन घटकावरील बॅकग्राउंडप्रोसेसरडिले हा गुणधर्म हे अंतर ठरवतो आणि काही न लिहिल्यास ते १० सेकंद असते. प्रत्येक फेरीत तो वेबअ‍ॅप्स फोल्डर पाहतो, तेथे नवी वॉर असेल तर ती डिप्लॉय करतो आणि आधीच डिप्लॉय झालेल्या वॉरची वेळ बदललेली आढळली तर जुने अ‍ॅप काढून टाकून नवे चढवतो. फाइल पूर्ण आली आहे की अर्धीच आहे, हे जाणून घेण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. एससीपी फाइलला पहिल्या बाइटपासूनच तिचे अंतिम नाव देत असल्यामुळे अर्धी पेटी.वॉरसुद्धा टॉमकॅटच्या दृष्टीने पेटी.वॉरच असते. होडी धक्क्याला लागण्याआधीच मासळीचा लिलाव पुकारावा, तसा हा प्रकार आहे.

चांगल्या जोडणीच्या दिवशी असे का होत नाही, याचे उत्तर टॉमकॅटच्या होस्टकॉन्फिग या वर्गात (कोडच्या भागात) सापडते. आधीपासून चालू असलेल्या अ‍ॅपची वॉर बदलली असेल, तर तिची शेवटची बदलवेळ किमान एक सेकंद जुनी होईपर्यंत टॉमकॅट तिला हात लावत नाही. डेटा अखंड वाहत असताना ही वेळ सतत पुढे सरकत राहते, म्हणून फाइल सुरक्षित असते. परंतु जोडणी सेकंदाहून थोडी जास्त अडखळली आणि नेमकी तेव्हाच फेरी आली, तर अर्धी फाइल पूर्ण समजली जाते. मग जुने अ‍ॅप निघते, त्याचे उलगडलेले फोल्डर पुसले जाते आणि नवी झिप उघडत नाही. सर्वस्वी नव्या नावाच्या वॉरला तर ही एका सेकंदाची सवलतही मिळत नाही.

उपाय सोपा आहे. फाइल वेबअ‍ॅप्सच्या बाहेर एखाद्या आवक फोल्डरमध्ये पाठवावी, पोहोचल्यावर तिचा चेकसम (आशयावरून काढलेला तपासणी-अंक) मूळ फाइलशी ताडून पाहावा आणि मगच एमव्ही आज्ञेने ती जागेवर न्यावी. दोन्ही फोल्डर एकाच फाइलप्रणालीवर असतील, तर एमव्ही म्हणजे केवळ नावाचा बदल असतो आणि तो एका क्षणात पूर्ण होतो, म्हणजेच अर्धी फाइल कोणालाही दिसत नाही. फोल्डर निरनिराळ्या विभाजनांवर असतील तर मात्र एमव्ही आतून प्रत काढून मूळ फाइल पुसते आणि तीच अडचण लहान प्रमाणात पुन्हा उभी राहते. व्हीएम (आभासी सर्व्हर) भाड्याने देणाऱ्या कंपन्या पुष्कळदा जादा डिस्क वेगळी जोडून देतात, म्हणून हे आधी पाहून घ्यावे.

तुटणाऱ्या जोडणीसाठी एससीपीऐवजी आरसिंक हे फाइल पाठवण्याचे साधन वापरणे श्रेयस्कर. आरसिंक मुळात टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने लिहितो आणि शेवटी नाव बदलतो, त्यामुळे तो एरवीही अधिक सुरक्षित आहे. मात्र अर्धवट फाइल जपून ठेवण्यासाठी अनेक जण त्याला मोठ्या पी चा पर्याय देतात आणि तो पर्याय दिला असता, जोडणी तुटल्यावर अर्धी फाइल अंतिम नावानेच मागे उरते. थेट वेबअ‍ॅप्समध्ये पाठवणाऱ्याला त्याने फायद्याऐवजी तोटाच होतो. आवक फोल्डरमध्ये पाठवणाऱ्याला मात्र तो खरोखर उपयोगी पडतो, कारण वीज परत आल्यावर काम तेथूनच पुढे सुरू होते.

गलबत (मालवण)

एसएमएस दोनदा जाण्याची दोन कारणे संभवतात आणि त्यांतील आपले कोणते, हे ठरवण्यासाठी एक गोष्ट सांगावी. सर्व्हर नुकताच रीस्टार्ट केलेला असतानाही संदेश दोनदा जातात, की नवी वॉर चढवल्यानंतरच तसे होते? तसेच अ‍ॅप संकेतस्थळाच्या मूळ पत्त्यावर यावे म्हणून सर्व्हर.एक्सएमएल फाइलमध्ये कॉन्टेक्स्ट घटक (अ‍ॅप कोणत्या पत्त्यावर चालवायचे हे सांगणारी नोंद) लिहिला आहे का?

खाडीकाठ (रत्नागिरी)

बावनदी यांचे विवेचन आमच्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. नवी जोडणी घेण्याचा विचार चालू होता, तो आता तितका निकडीचा वाटत नाही.

गलबत यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की रीस्टार्टनंतर लगेचही संदेश दोनदाच जातात. आणि होय, होस्ट घटकाच्या आत कॉन्टेक्स्ट लिहिलेला आहे. त्याचा पाथ, म्हणजे पत्ता, रिकामा असून डॉकबेस, म्हणजे अ‍ॅपच्या फाइलींची जागा, पेटी असा आहे. फाइलचे नाव पेटी.वॉर असल्यामुळे पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि पेटी असे येत होते, ते ग्राहकांना नको होते.

गलबत (मालवण)

मग निदान स्पष्ट आहे. आपले अ‍ॅप दोनदा डिप्लॉय होत आहे. एकदा सर्व्हर.एक्सएमएलमधील नोंदीमुळे मूळ पत्त्यावर, आणि दुसऱ्यांदा वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये पेटी.वॉर दिसली म्हणून पेटी या पत्त्यावर. ब्राउझरमध्ये शेवटी पेटी लिहून पाहिल्यास तेच अ‍ॅप तेथेही उघडेल. दोन्हींचे क्लासलोडर (कोड मेमरीत आणणारे) वेगळे, डेटाबेस पूल (जोडण्यांचा साठा) वेगळे आणि शेड्युलरही वेगळे. डेटाबेस मात्र एकच. म्हणून एकाच पेटीसाठी दोन संदेश जातात, आणि मेमरीही दुप्पट लागते ते वेगळेच.

टॉमकॅटच्या दस्तऐवजातच सर्व्हर.एक्सएमएलमध्ये कॉन्टेक्स्ट लिहू नये असे सुचवलेले आहे, कारण ती फाइल केवळ सर्व्हर सुरू होताना वाचली जाते. ती नोंद काढून टाका आणि वॉरचे नाव रूट.वॉर करा, रोमन लिपीतील त्याची चारही अक्षरे मोठी हवीत, कारण लिनक्सवर लहान अक्षरांत लिहिलेले नाव निराळे ठरते. डेबियनच्या पॅकेजसोबत स्वागतपानाचे रूट फोल्डर आधीच आलेले असते, ते प्रथम हलवा.

दुसरा मार्ग मला अधिक पटतो. वॉर वेबअ‍ॅप्सच्या बाहेर, समजा एसआरव्ही निर्देशिकेखालील पेटी फोल्डरमध्ये ठेवायची आणि टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरातील कॅटालिना, त्यातील लोकलहोस्ट या ठिकाणी रूट.एक्सएमएल नावाची छोटी फाइल लिहून तिच्या डॉकबेसमध्ये त्या वॉरचा पूर्ण मार्ग द्यायचा. डॉकबेस वेबअ‍ॅप्सच्या आतला दिल्यास टॉमकॅट तो दुर्लक्षून लॉगमध्ये तशी सूचना लिहितो, म्हणून बाहेरचाच मार्ग हवा.

दुसरे कारण आपल्याला लागू नसले तरी नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते भेटण्याची शक्यता आहे. अ‍ॅपने स्वतः सुरू केलेला थ्रेड जर अ‍ॅप थांबताना बंद केला नाही, तर नवी आवृत्ती चढल्यावरही तो जुन्या कोडसह चालत राहतो आणि संदेश पाठवत राहतो. तेव्हा टॉमकॅट लॉगमध्ये अ‍ॅपने अमुक नावाचा थ्रेड सुरू केला पण थांबवला नाही, मेमरी गळतीची शक्यता आहे, असा इशारा देतो. पुष्कळ लोक हा इशारा वर्षानुवर्षे वाचत नाहीत.

कारण कोणतेही असो, संदेश दोनदा जाऊ नये ही जबाबदारी सर्व्हरच्या मांडणीवर सोडू नये असे माझे ठाम मत आहे. पाठवलेल्या संदेशांच्या तक्त्यात पेटी क्रमांक आणि संदेशाचा प्रकार यांवर मिळून युनिक की (एकच नोंद दोनदा घालू न देणारी अट) ठेवा, आधी नोंद घाला आणि ती यशस्वी झाली तरच संदेश पाठवा. मग शेड्युलर दोन असले काय आणि चार असले काय, ग्राहकाला संदेश एकच जाईल.

कातळसडा (देवगड)

फोटोंविषयी लिहितो. आपला कोड बहुधा गेटरिअलपाथ (डिस्कवरील खरा मार्ग देणारी आज्ञा) वापरून अ‍ॅपच्या उलगडलेल्या फोल्डरमध्येच फोटो साठवत असावा. ते फोल्डर टॉमकॅटच्या मालकीचे असते. वॉर बदलली की ते पूर्ण पुसून नव्याने उलगडले जाते. सर्व्हर बंद असताना वॉर बदलली तरीही सुटका नाही, कारण त्या फोल्डरातील मेटा-इन्फमध्ये वॉर-ट्रॅकर नावाची फाइल असते, तिची वेळ वॉरच्या वेळेशी जुळली नाही तर टॉमकॅट सुरू होताना फोल्डर काढून पुन्हा उलगडतो. पूर्वी याच्या उलट तक्रार असे, म्हणजे वॉर नवी असूनही जुनेच फोल्डर चालू राही, म्हणून हाताने फोल्डर पुसण्याची सवय अनेकांना लागली. आता तिची गरज उरलेली नाही. उलट, सर्व्हर चालू असताना वेबअ‍ॅप्समधून जुनी वॉर आधी पुसण्याची सवय घातक आहे, कारण ऑटोडिप्लॉय चालू असल्यास वॉर नाहीशी होणे म्हणजेच अ‍ॅप काढण्याची आज्ञा, आणि त्यात उलगडलेले फोल्डर व त्याची कॉन्टेक्स्ट फाइलही पुसली जाते.

फोटोंची जागा अ‍ॅपच्या पूर्ण बाहेर हवी. डेटाबेसमध्ये केवळ फाइलचे नाव ठेवावे, मूळ फोल्डरचा मार्ग कॉन्फिगरेशनमधून द्यावा आणि फोटो दाखवण्याचे काम पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याच्याकडे सोपवावे. एनजिनएक्स नसेल, तर गलबत यांनी सांगितलेल्या रूट.एक्सएमएलमध्येच रिसोर्सेस घटकाखाली पोस्टरिसोर्सेस लिहून, डिररिसोर्ससेट वर्गाच्या आधारे ते बाहेरचे फोल्डर फोटो या पत्त्यावर जोडता येते.

येथे डेबियनवर एक खड्डा आहे, त्यात बहुतेक जण पडतात. फोल्डर तयार करून त्याची मालकी टॉमकॅट वापरकर्त्याला दिली, परवानग्याही तपासल्या, तरी लिहिताना फाइलप्रणाली केवळ वाचनीय असल्याची त्रुटी येते. डिस्कमध्ये काही बिघाड नसतो. डेबियनच्या पॅकेजमधील सिस्टमडी युनिटमध्ये (सेवा कशी चालवायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) प्रोटेक्टसिस्टम हा पर्याय सर्वांत कडक पातळीवर ठेवलेला असतो आणि लिहिण्याची मुभा केवळ वेबअ‍ॅप्स, लॉग आणि कॅटालिना या फोल्डरांना दिलेली असते. सिस्टमसीटीएल एडिट ही आज्ञा देऊन सर्व्हिस विभागात रीडराइटपाथ्स या ओळीत आपल्या फोटो फोल्डरचा मार्ग जोडा आणि सेवा रीस्टार्ट करा. मूळ युनिट फाइल थेट बदलू नका, पॅकेजच्या पुढच्या अद्ययावतीकरणात तो बदल पुसला जाईल. त्याच युनिटमध्ये खासगी टेम्पचीही (तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरचीही) तरतूद असल्यामुळे टॉमकॅटला दिसणारे टेम्प फोल्डर आणि तुम्हाला शेलमधून दिसणारे टेम्प फोल्डर एकच नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

माडाचीवाडी (वेंगुर्ला)

वरील सर्व उत्तरे अचूक आहेत, तरी मूळ प्रश्न होता तो ऑटोडिप्लॉय ठेवावे की नाही, आणि त्याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. माझ्या मते प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर ते बंद असावे. होस्ट घटकात ऑटोडिप्लॉय फॉल्स लिहा. डिप्लॉयऑनस्टार्टअप मात्र ट्रूच राहू द्या, नाहीतर सर्व्हर सुरू होताना वेबअ‍ॅप्समधील आणि कॅटालिना फोल्डरात नोंदवलेली अ‍ॅप्स चढणारच नाहीत. नंतरची पद्धत अशी ठेवावी, की फाइल आवक फोल्डरमध्ये आली, चेकसम जुळला, मग टॉमकॅट थांबवून, एमव्ही करून, पुन्हा सुरू करावा. अ‍ॅप केव्हा बदलायचे हे माणसाने ठरवावे. दहा सेकंदांनी फिरणाऱ्या थ्रेडने नव्हे.

याचा दुसरा लाभ मेमरीचा आहे. चालत्या जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या यंत्रणेत) अ‍ॅप पुन्हा पुन्हा चढवले, की जुन्या आवृत्तीच्या वर्गांना कोणीतरी धरून ठेवलेले असते: कधी न थांबलेला थ्रेड, कधी अ‍ॅपच्या लिब फोल्डरातून नोंदवला गेलेला जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा भाग). जावा ७ पर्यंत त्यातून पर्मजेन (वर्गांसाठी राखलेली मेमरी) भरल्याची त्रुटी येत असे. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून पर्मजेन जाऊन मेटास्पेस आले, त्यामुळे त्रुटी उशिरा येते, पण गळती तीच असते. आपण टॉमकॅटचा डेटाबेस पूल वापरत असाल, तर ड्रायव्हरची जार फाइल टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये ठेवा. टॉमकॅटच्या मॅनेजर अ‍ॅपमध्ये गळती शोधण्याचे बटण आहे, मात्र त्यामुळे संपूर्ण गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणे) चालते, म्हणून गर्दीच्या वेळी ते दाबू नये. प्रत्येक आवृत्तीला जेव्हीएम नवे सुरू केले, की हा प्रश्नच उरत नाही.

रीस्टार्टच्या काळापुरते एनजिनएक्सवरून कामकाज थोड्या वेळात सुरू होईल असे पान दाखवता येते. पेट्यांच्या गाड्या सायंकाळनंतर भरतात, तेव्हा सकाळची वेळ यासाठी निवडल्यास फारसे कोणाचे अडू नये.

बावनदी

माडाचीवाडी यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु एक पर्याय राहून गेला. टॉमकॅट ७ पासून समांतर डिप्लॉयमेंटची सोय आहे. फाइलचे नाव रूट##००१.वॉर, नंतर रूट##००२.वॉर असे ठेवले, की दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी चालतात. ज्यांचे सेशन (लॉगिन करून चालू असलेला वापर) जुन्या आवृत्तीत आहे ते तेथेच राहतात आणि नव्याने येणारे नवीकडे जातात. ऑटोडिप्लॉय चालू असताना होस्टवर अनडिप्लॉयओल्डव्हर्शन्स ट्रू केल्यास शेवटचे सेशन संपल्यावर जुनी आवृत्ती आपोआप निघते. आवृत्त्यांची तुलना अंक म्हणून न होता अक्षरमाला म्हणून होते, त्यामुळे आधीची शून्ये गाळू नयेत; ती गाळली तर ९ ही आवृत्ती १० पेक्षा नवी ठरेल. अर्धी मागणी भरून झालेल्या ग्राहकाला पुन्हा लॉगिन करावे लागू नये असे वाटत असेल, तर हा मार्ग विचारात घ्यावा.

गलबत (मालवण)

या प्रकरणात मी तो मार्ग सुचवणार नाही. समांतर आवृत्त्या म्हणजे पुन्हा दोन शेड्युलर, आणि युनिक की घातलेली नसेल तर पुन्हा दोन एसएमएस. शिवाय दोन्ही आवृत्त्या एकाच डेटाबेसवर चालणार, म्हणजे तक्त्यातील एखाद्या स्तंभाचे नाव बदलले तर जुनी आवृत्ती त्याच क्षणी मोडेल. स्तंभ आधी नवा घालायचा, दोन्हींत लिहायचे आणि पुढच्या आवृत्तीत जुना काढायचा, इतकी शिस्त पाळणारा चमू असेल तरच समांतर डिप्लॉयमेंट सुखाची होते. मेमरीही दोन्हींसाठी पुरायला हवी.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्व्हर.एक्सएमएलमधील नोंद काढून बाहेरच्या वॉरकडे बोट दाखवणारी रूट.एक्सएमएल लिहिली आहे. पेटी या पत्त्यावर आता ४०४ येतो, म्हणजे दुसरी प्रत गेली. युनिक कीही घातली. फोटो बाहेर हलवताना केवळ वाचनीय फाइलप्रणालीची त्रुटी आलीच, पण कातळसडा यांच्यामुळे ती कोठून आली हे शोधावे लागले नाही. ऑटोडिप्लॉय बंद करून सकाळी रीस्टार्ट करण्याचे ठरले आहे आणि समांतर आवृत्त्यांचा विचार हंगाम संपल्यावर करू.

आता एकच अडचण उरली आहे. चाचणी सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवताना एक किंवा अधिक लिसनर (अ‍ॅप सुरू होताना चालणारे भाग) सुरू होऊ शकले नाहीत, तपशील योग्य त्या लॉगमध्ये पाहा, एवढेच कॅटालिना लॉगमध्ये दिसते आणि अ‍ॅप सुरू होत नाही. हा योग्य तो लॉग म्हणजे कोणता?

कातळसडा (देवगड)

लॉग फोल्डरमध्येच लोकलहोस्ट या नावाने सुरू होणारी आणि पुढे तारीख असलेली फाइल पाहा. खरा अपवाद तेथे पूर्ण स्टॅकसह लिहिलेला असतो. त्यातील शेवटचे कॉज्ड बाय आधी वाचा.

आणि चाचणी सर्व्हरवर डेबियन १२ बसवले असेल, तर त्यात टॉमकॅट १० येतो. त्या आवृत्तीत जावाएक्स.सर्व्हलेटची जागा जकार्ता.सर्व्हलेटने घेतली आहे, त्यामुळे टॉमकॅट ९ साठी बांधलेली वॉर वेबअ‍ॅप्समध्ये तशीच ठेवली तर ती चालणार नाही. स्प्रिंग ६ वर जाईपर्यंत ती वेबअ‍ॅप्स-जावाईई नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून पाहा. टॉमकॅट १० तेथील वॉर स्वतः रूपांतरित करून वेबअ‍ॅप्समध्ये टाकतो. ते फोल्डर पॅकेजसोबत तयार मिळेलच असे नाही. आपल्याला ते तयार करावे लागले, तर वर सांगितलेल्या रीडराइटपाथ्सच्या ओळीत त्याचाही मार्ग जोडून पाहा.